कोरोनाच्या साथीत आईला डायलिसिसला न्यायचं कसं?

संसर्गाच्या भीतीने डायलिसिसची पाळी मात्र चुकवू नका. मधलं अंतर वाढलं की अंगात पाणी आणि पोटॅशियम साठतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. शक्यतो उघडी रिक्षा करा, शेअर नको. टॅक्सी असेल तर एसी बंद, काचा खाली, आईंना मागे बसवा. एन-९५ मास्कची तार नाकावर नीट दाबून बसवा. डायलिसिसचे साधारण ४ तास तो उतरता कामा नये, म्हणून खाणं घरीच उरकून निघालेलं बरं. ताप-खोकला वाटला तर निघण्याआधी सेंटरला फोन करा, म्हणजे त्यांना वेगळी सोय करता येईल. नुसते रिपोर्ट दाखवायचे असतील तर ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सेवेवर घरबसल्या डॉक्टर भेटतात, तेवढ्यासाठी आईंची ओढाताण नको.