कट, कारस्थान की षड्यंत्र?

प्रश्न असा आला आहे: डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२०च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल फिरवू पाहिल्याच्या आरोपाबद्दल लिहिताना कुठे ‘कट’, कुठे ‘कारस्थान’, तर कुठे ‘षड्यंत्र’ असते. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि निकाल फिरलाच नाही, तर कट कसला?

कायद्याबद्दल लिहायचे असेल तर ‘कट’च लिहावे. आपल्या दंडसंहितेच्या मराठी पाठातही ‘फौजदारीपात्र कट’ असाच शब्द होता. ‘षड्यंत्र’ हिंदी बातम्यांतून आपल्याकडे फोफावला आहे. कारस्थान एकटा माणूसही करू शकतो. कटाला मात्र किमान दोघे लागतात, कारण कट म्हणजे बेकायदा गोष्ट करण्याचे आपसात ठरणे. ‘कट शिजला’, ‘कट फसला’ असे आपण म्हणतोच. फसलेला कटही कटच असतो, हे भाषेला ठाऊक आहे आणि कायद्यालाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले.

१ ऑगस्ट २०२३ला अमेरिकी न्याय विभागाने नेमलेले विशेष वकील जॅक स्मिथ यांनी ट्रम्प यांच्यावर चार आरोप ठेवले. त्यांतले तीन कटाचे होते: कलम ३७१ (अमेरिकेची फसवणूक), १५१२(के) (अधिकृत कामकाजात अडथळा) आणि २४१ (नागरिकांच्या हक्कांवर गदा). चौथा आरोप काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अधिकृत कामकाजात प्रत्यक्ष अडथळा आणल्याचा, किंवा तसा प्रयत्न केल्याचा.

कलम ३७१चे भाषांतर ‘अमेरिकेची फसवणूक करण्याचा कट’ असे झाले आणि घोळ तिथेच झाला. मराठीत फसवणूक म्हटले की पैसे बुडाल्याचे चित्र उभे राहते. पण सरकारचे कायदेशीर काम खोटेपणाने किंवा लबाडीने अडवणे हेही या कलमात बसते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२४मध्येच सांगितले आहे. इथे ते काम होते मते गोळा करणे, मोजणे आणि निकाल प्रमाणित करणे. म्हणून ‘सरकारी कामात लबाडीने अडथळा आणण्याचा कट’ असे लिहावे. लांबते, पण वाचकाची दिशाभूल होत नाही.

या कलमाला नुसते ठरणे पुरत नाही. ते तडीस नेण्यासाठी कटातल्या कोणा एकाने तरी एखादी कृती केलेली असावी लागते. आपल्याकडे गुन्हा करण्याचेच ठरले असेल तर ते ठरणेच पुरते.

१४ डिसेंबर २०२०ला सात राज्यांत ट्रम्प यांच्या बाजूच्या लोकांनी आपणच निर्वाचक, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्षपदासाठी औपचारिक मत देणारे, असल्याच्या प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू मेक्सिकोच्या कागदांत मात्र ‘पुढे आम्हीच वैध ठरलो तर’ अशा अर्थाची अट होती. काहींना कोर्टात जिंकलो तरच कागद वापरले जातील असे सांगून सही घेतली गेली, असे आरोपपत्रच म्हणते. असा सही करणारा कटात सामील नसतो, कारण हेतू सामायिक नसतो. ‘सही केली म्हणजे संगनमत’ हे समीकरण म्हणूनच चुकीचे आहे.

बचावाचा मुद्दा भाषणस्वातंत्र्याचा आणि जिंकल्याच्या प्रामाणिक समजुतीचा होता. निवडणुकीबद्दल बोलण्याचा, अगदी खोटे बोलण्याचाही हक्क होता, हे आरोपपत्राने मान्यच केले होते. वाद होता तो बेकायदा मार्गांचा आणि खोटे आहे हे माहीत असण्याचा.

१ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी अध्यक्षाच्या अधिकृत कृतींना संरक्षण दिले. न्याय विभागाशी झालेल्या चर्चा खटल्यातून पूर्ण बाहेर गेल्या. ऑगस्टमधल्या सुधारित आरोपपत्रात चारही आरोप राहिले, निनावी साथीदार मात्र सहाचे पाच झाले. ट्रम्प पुन्हा निवडून आल्यावर २५ नोव्हेंबर २०२४ला खटला काढून टाकण्यात आला, पुन्हा दाखल करण्याची वाट कायद्याने बंद न करता.

म्हणून ‘ट्रम्प यांनी कट केला’ हेही लिहू नये आणि ‘निर्दोष सुटले’ हेही नाही. ‘कटाचा आरोप होता, खटला सुनावणीआधीच रद्द झाला’ एवढेच खरे. ‘देशद्रोह’ तर नकोच. देशद्रोहाचे किंवा उठावाचे कलम या आरोपपत्रात नव्हते. आणि ‘निकाल उलथवणे’ खटकते: सरकार उलथवतात, निकाल फिरवतात.