जळगावात पंधरा मजली निवासी टॉवर डिझाइन करतेय. बदलत्या शहराला शोभेल असं काय करू?

तुम्ही विचारलंय की आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, प्लॉटची लांब बाजू पश्चिमेला रस्त्याकडे आहे, मग ती बाजू पूर्ण काचेची करून 'मॉडर्न' लूक द्यावा का. बावीस वर्षं जळगाव-धुळ्यात हेच काम करतोय म्हणून स्पष्ट सांगतो, काच नको.

हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. माझी पहिली मोठी इमारत सात मजली होती, पश्चिमेला भिंतभर स्लायडिंग खिडक्या. फोटो झकास आले. पुढच्या मे महिन्यात सहज तिकडून गेलो तर निम्म्या काचांना आतून थर्माकोल चिकटवलेला. खिडक्यांबाहेर लोखंडी अँगलवर कूलर टांगलेले आणि त्यांच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ माझ्या एलिव्हेशनवरून, म्हणजे दर्शनी भिंतीवरून, पार खालपर्यंत. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी मला जिन्यातच गाठलं. "आते बिबड्या कोठे टाकू भाऊ?" वर टाक्या, सोलर आणि डिश अँटेना, गच्चीला कुलूप. तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये वाळवणाला हातभर जागा नव्हती.

तेव्हा सुरुवात उन्हापासून करा. जळगाव साधारण 21 अंश अक्षांशावर आहे. मे अखेरीला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली आपल्याच पायाखाली जाते. म्हणजे दुपारच्या उन्हापुरतं उत्तर-दक्षिण भिंतींना साधा छज्जा पुरतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य 45 अंशांपर्यंत उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून आत येतो, पण तेव्हा तो हवाच असतो. खरा त्रास पश्चिमेचा. चार वाजताचं तिरपं ऊन छज्जाखालून थेट पलंगावर येतं, तिथे उभी जाळी किंवा खोल गॅलरी हवी. म्हणून इमारत आडवी फिरवा, लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला, रस्त्याकडे अरुंद टोक. लिफ्ट, जिना, पाइपांचा डक्ट पश्चिम टोकाला ढकला. मात्र लिफ्ट-जिन्याच्या सगळ्या काँक्रीट भिंती एकाच टोकाला गेल्या तर भूकंपात इमारत पिळवटते, आणि जळगाव भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या पट्ट्यात (झोन 3) आहे. या उंचीला दुसरा जिना लागणारच, तो पूर्वेला घ्या म्हणजे तोल साधतो.

तुमचे सर आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचा मुंबईतला कांचनजंगा टॉवर (1983) दाखवतीलच. दोन मजली उंचीच्या त्या कोपऱ्यातल्या गच्च्या जरूर पाहा, घरातून आरपार वारा खेळवायची कल्पना मात्र तशीच उचलू नका. तिथे समुद्राची झुळूक आहे. आपल्याकडे पारा 45 च्या घरात असताना बारा वाजता खिडकी उघडली तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं. आपली धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं दिवसा मिटून बसायची, रात्री माणसं धाब्यावर झोपायची. टॉवरलाही तीच सवय लावा. दिवसा बंद राहील अशी जाड किंवा पोकळ भिंत, आणि रात्री निर्धास्त उघडता येतील अशा वरच्या झडपा.

आणि गच्ची मजल्यावर आणा. प्रत्येक फ्लॅटला निदान आठ बाय दहा फुटांची, वर दोन मजले मोकळी, म्हणजे ऊन खाली पोचेल. दोन खाटा मावतील, उन्हाळ्यात बिबड्या-कुरडया वाळतील. तिथेच कूलरचा कोनाडा करा, पाण्याचा नळ आणि ड्रेन आधीच देऊन ठेवा. कूलर लोक लावणारच आहेत, तुम्ही ड्रॉइंगमध्ये दाखवा किंवा नका दाखवू.

'बदलतं शहर' म्हणाल तर मला आपल्या खान्देशातला कानबाईचा सण आठवतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद एका घरात जमतात, रोटांच्या, म्हणजे नैवेद्याच्या, जेवणाला बसतात. खाली कम्युनिटी हॉल दिलाय म्हणून सुटका नाही, कारण सगळ्यांना तो त्याच रविवारी हवा असतो! फ्लॅटचा हॉल आणि गच्ची यांच्यामध्ये घडीचं दार द्या, तेवढ्याने पंगत बसते. हल्ली अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. काम भराभर होतं, पण ती भिंत पुढे कुणाला काढता येत नाही, आणि तापतेही जास्त. मी कॉलम-बीम आणि हलक्या ब्लॉकच्या भिंतीच घेईन. उद्या मुलगा पुण्याला गेला आणि गावाकडचे आई-वडील राहायला आले, तर एक खोली मोडून दुसरी करता आली पाहिजे.

राहिलं पाणी. मजल्याला चार म्हणजे साठ फ्लॅट, घरटी पाच माणसं आणि माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला 40,500 लिटर. नळ दोन दिवसांआड आला तर तीन दिवसांचा साठा लागेल, म्हणजे जवळपास सव्वा लाख लिटर. जमिनीखाली सात बाय सहा मीटरची, तीन मीटर खोल टाकी झाली. आगीसाठीचं पाणी वेगळं, कूलरचं त्याहून वेगळं. ही टाकी ड्रॉइंगवर आधी बसवा, कारण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि टाकीच्या भिंतीला रेटते. मुरूम किती खोल लागतो ते शेजारच्या चालू साइटवर जाऊन मिस्त्रीला विचारा. सकाळी नऊच्या आत जा, नंतर तो भेटत नाही.