किल्ली खिशात ठेवून जबाबदारी कशी देणार?

"मॅडम, माणसं जबाबदारीच घेत नाहीत. सगळं मलाच बघावं लागतं."

बढती मिळून वर्ष-दीड वर्ष झालेले लोक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा हीच तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. मग ते बँकेतले असोत, शाळेतले असोत की कारखान्यातले. इथे सांगते आहे ती चाकण एमआयडीसीतल्या एका लाइन सुपरवायझरची गोष्ट. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. हे गृहस्थ आयटीआय करून ऑपरेटर म्हणून लागले आणि बारा-चौदा वर्षं त्यांनी सीएनसी, म्हणजे संगणकात भरलेल्या आकड्यांवर चालणाऱ्या मशीनवर काढली. हात इतका बसलेला की नुसत्या आवाजावरून इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचं बदलता येणारं पातं, गेला आहे का ते सांगायचे. त्या कसबामुळेच बढती मिळाली. आणि आता झोप उडालेली, पित्ताचा त्रास, घरी चिडचिड. शेवटी बायकोनेच वेळ घेतली. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या म्हटलं. बीपी, शुगर ठीक निघाली.

ते दोन तासांचा गेटपास काढून आले होते. बोलणं जेमतेम सुरू झालं आणि फोन वाजला. "किती दाखवतंय? तू हात लावू नको. मशीन थांबव, मी येतोच."

तिथल्या माणसाला जमणार नाही असं काय होतं, म्हणून मी विचारलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. बोअरिंग करताना, म्हणजे जॉबचं (बनत असलेल्या भागाचं) भोक आतून कापून मापात आणताना, इन्सर्ट झिजत जातो, तसा बोअर, म्हणजे ते भोक, किंचित लहान येऊ लागतो. मग ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल नेमकं कुठे कापेल ते मशीनला सांगणाऱ्या आकड्यात, मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांची दुरुस्ती टाकायची आणि पुढचा जॉब मापाचं गेज लावून तपासायचा. दोन मिनिटांचं काम. पण ऑफसेट बदलायला पॅनलवरची किल्ली फिरवावी लागते, आणि लाइनवरच्या सगळ्या मशीनच्या किल्ल्या यांच्या जुडग्यात. मागे एकाने दशांश चिन्ह चुकवलं होतं आणि टूल जॉबवर आदळलं होतं. तेव्हापासून किल्ल्या यांच्याकडे.

"मग या किल्ल्या तुमच्या खिशात असताना त्यांनी जबाबदारी घ्यायची, म्हणजे नेमकं काय करायचं?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना सगळं यायला लागलं तर मला कोण विचारणार?"

'लोकांवर विश्वास नाही' असं आपण म्हणतो, त्याच्या तळाशी पुष्कळदा ही भीती असते. इतकी वर्षं यांना मान मिळाला तो हातातल्या कसबामुळे. बढतीने मशीन काढून घेतलं, आणि त्याच्या जागी काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. माणसं कशी सांभाळायची याचं एका दिवसाचंही प्रशिक्षण नाही. उत्तम कारागीर उचलून सुपरवायझर करायचा आणि मग 'याला लीडरशिप जमत नाही' म्हणायचं, हा सरळ सरळ अन्याय आहे आणि तो सर्रास होतो.

यावरचा उपाय जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांची भरती झाली, तेव्हा सुपरवायझरांसाठी १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा उपक्रम सुरू झाला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटानेही घेतला. काम शिकवायच्या त्यात चार पायऱ्या आहेत: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर लक्ष ठेवा. आम्ही ठरवलं की एका मशीनची किल्ली एकाच मुलाकडे द्यायची. दोन शतांशांपर्यंतची दुरुस्ती त्याने स्वतः करायची, त्याहून जास्त लागली तर यांना बोलवायचं.

पुढच्या भेटीला ते तावातावाने आले. मुलाने प्लसऐवजी मायनस टाकलं होतं आणि बोअर आणखी लहान झाले. लहान असल्यामुळे ते पुन्हा कापून वाचले, पण यांना किल्ली परत घ्यायची होती. मी एवढंच म्हटलं की आधी त्याला बाजूला घ्या, चारचौघांत नको, आणि विचारा: काय विचार करून मायनस दिलंस?

उत्तर ऐकून ते स्वतःच चकित झाले. मुलगा आधीच्या नोकरीत जॉबचा बाहेरचा व्यास कापायचा. तिथे टूल झिजलं की व्यास वाढतो, म्हणून मायनस द्यायचं. बोअरमध्ये नेमकं उलटं. त्याने आपल्या परीने विचार करूनच आकडा टाकला होता. समोरच्याला आधीपासून काय येतं ते विचारून घेणं पहिल्या पायरीतच येतं, आणि घाईत यांच्याकडून तेवढंच राहून गेलं होतं. किल्ली मुलाकडेच राहिली.

मोकळा झालेला वेळ सुरुवातीला त्यांना खायला उठला. मशीनभोवती घुटमळायचे. मग कुठला इन्सर्ट किती जॉबनंतर जातो याची नोंद त्यांनी स्वतःच सुरू केली, आणि आता बोअर बिघडायची वाट न बघता ठरावीक जॉब झाले की इन्सर्ट बदलतात. साहेबांसमोर ती वही ठेवली तेव्हा पहिल्यांदाच त्यांना पुढच्या महिन्याच्या प्लॅनिंगच्या मीटिंगला बसवलं. ही बातमी सांगताना आवाज वेगळा होता.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. लाइनवर सगळे ज्यांना नाना म्हणतात ते यांच्याहून जुने ऑपरेटर. बढती त्यांना मिळायला हवी होती असं त्यांना वाटतं, आणि अगदी चूक वाटतं असं मी म्हणणार नाही. टपरीवर चहाला हे गेले की नाना उठून जातात. यांनी एकदा "नाना, चुकलं असेल तर सांगा" म्हणून पाहिलं. नानांनी उत्तर दिलं नाही. माफी पुन्हा पुन्हा मागू नका, असा माझा सल्ला आहे. नवीन लागलेल्या दोन मुलांना बोअरिंग शिकवायचं काम नानांना द्या, आणि ते काम नानांचं आहे हे साहेबांसमोर नाव घेऊन सांगा. पुढच्या आठवड्यात ते नानांशी यावर बोलणार आहेत.