तीन क्लास नोंदवले, हाती शेवटचाच येतो, ते का?

भाऊ, तुमची अडचण अशी दिसते: नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्याच्या अ‍ॅपमधून शेतकऱ्याला हिशेबपट्टी पाठवायची आहे. एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल असे तीन क्लास तुम्ही ‘आयसेंडर’ या एकाच इंटरफेसवर (काय काम करायचं एवढंच सांगणारा करार) अ‍ॅडस्कोप्ड या नोंदणीच्या मेथडने नोंदवले, अन् कन्स्ट्रक्टरमध्ये दरवेळी ईमेलवालाच येऊन राहिला.

तो येणारच. डॉटनेटचा कंटेनर, म्हणजे नोंदवलेल्या क्लासचे ऑब्जेक्ट बनवून देणारा भाग, आधीच्या नोंदी पुसत नाही, पण एकच मागितला तर सगळ्यात शेवटी नोंदवलेला देतो. तिन्ही हवे असतील तर आयएन्युमरेबल ऑफ आयसेंडर, म्हणजे त्यांची यादी, मागा. नोंदवले त्याच क्रमाने मिळतात.

पण तुम्हाला तिन्ही हवेत कुठे? संत्रा विकून गावी परतलेल्या माणसाला ईमेल काय कामाचा! त्याच्या खात्यात ‘माध्यम’ रकाना असेल, म्हणजे निवड अ‍ॅप चालू असताना होणार. मी असतो तर प्रत्येक क्लासला ‘माध्यम’ नावाची प्रॉपर्टी दिली असती अन् यादीतून जुळणारा उचलला असता. यात तिन्ही ऑब्जेक्ट दरवेळी तयार होतात, म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये जड काम ठेवू नका.

दुसरा रस्ता कीड सर्व्हिसेसचा, म्हणजे किल्ली (की) देऊन नोंदवण्याचा, डॉटनेट ८ पासूनचा (नोव्हेंबर २०२३). अ‍ॅडकीडस्कोप्डला "एसएमएस" अशी किल्ली द्यायची, अन् कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर फ्रॉमकीडसर्व्हिसेस हे अ‍ॅट्रिब्यूट लावून तोच मागायचा. मात्र त्या अ‍ॅट्रिब्यूटमधली किल्ली कॉन्स्टंट, म्हणजे कोडमध्येच लिहिलेली, लागते. रकान्यातून येणाऱ्या किल्लीसाठी सर्व्हिस प्रोव्हायडरवर, म्हणजे चालू कंटेनरवर, गेटरिक्वायर्डकीडसर्व्हिस बोलवावं लागतं. ते एकाच छोट्या क्लासमध्ये कोंडून ठेवा, नाहीतर सर्व्हिस प्रोव्हायडर कोडभर हिंडत राहतो. आणि किल्लीने नोंदवलेले क्लास साध्या आयएन्युमरेबलमध्ये दिसत नाहीत. यात माझी एक अख्खी दुपार गेली.

यादीवर जाण्याआधी आमचा घोळ ऐका. एका कामात एसएमएसची नोंद, नोंदणीसाठी लिहिलेल्या दोन एक्स्टेन्शन मेथडमध्ये झाली होती, एक माझ्या, एक सहकाऱ्याच्या. एकच आयसेंडर मागत होतो तोवर कुणाला पत्ता नाही, कारण शेवटची नोंदही एसएमएसचीच. सगळ्या माध्यमांनी पाठवायचं ठरलं, यादी मागितली, अन् त्या सकाळी प्रत्येक शेतकऱ्याला एकाच पट्टीचे दोन एसएमएस. एक काका फोनवर म्हणाले, "पैसे बी दोनदा देता का बाप्पा?"

अ‍ॅडस्कोप्ड तोच क्लास दुसऱ्यांदाही निमूट घेतो. साधा ट्रायअ‍ॅडस्कोप्ड इथे चालत नाही. इंटरफेसची एक नोंद असली की तो पुढच्या सगळ्या सोडून देतो, म्हणजे तुमचे व्हॉट्सअ‍ॅप अन् ईमेल दोन्ही गायब. ट्रायअ‍ॅडएन्युमरेबल वापरा, तो इंटरफेस आणि क्लास अशी जोडी तपासतो. फक्त त्याला नुसता आयसेंडर परत करणारा लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) देऊ नका. कोणता क्लास ते त्याला ओळखता येत नाही आणि अ‍ॅप सुरू होतानाच आर्ग्युमेंट एक्सेप्शन येतो.