बीड नांगरून निलगिरी? नको!

प्रश्न (इंदूरजवळच्या महू आणि देपालपूर भागातून आलेले): गवताची बीड (चाऱ्याचं कुरण) नांगरून निलगिरी लावली तर मातीतला कार्बन वाढेल का? गव्हाच्या शेतात साग लावला तर? रोपवाला सांगतो, तिसऱ्या वर्षापासून कार्बनचे पैसे (झाडांत-मातीत कार्बन साठवल्याबद्दल मिळणारे) सुरू होतील.

उत्तर: बीड नांगरू नका. गवताची मुळं दरवर्षी मरतात, नवी फुटतात, त्यातूनच तिथला कार्बनचा साठा झालेला असतो. नांगर फिरला की माती उघडी पडते, जिवाणू तो साठा खाऊन टाकतात आणि कार्बन हवेत जातो. वर लाकूड वाढतं, खाली पहिली काही वर्षं घटच होते. जगभरातल्या अभ्यासांचा २००२ साली एकत्र हिशेब झाला. कुरणाच्या जागी झाडं लावली तिथे मातीतला कार्बन सरासरी १० टक्के घटला, पिकाखालच्या जमिनीत लावली तिथे १८ टक्के वाढला. शेतात वाढतो, कारण नांगरून आणि नरवाई (कापणीनंतर उरलेले खुंट) जाळून आपण ती जमीन आधीच रिती केलेली असते. शिवाय बीड गेली तर चारा कुठून आणणार?

म्हणून झाडं हलक्या, उतरत्या शेतात आणि बांधावर लावा. फक्त खड्डे घ्या, तेही पाऊस नीट लागल्यावर. मेमध्ये रोपं स्वस्त मिळतात म्हणून लावू नका. जेसीबीने चर तर मुळीच नकोत. असे चर काढलेली शेतं पाहिली आहेत: काळी माती खाली गाडलेली, वर पांढरा मुरूम आणि चुनखडीचे खडे. त्या मुरमात कार्बन शोधायचा कुठे? रोप रुजेपर्यंत युरिया नको. दुकानदार 'मूठभर टाका' म्हणेल, त्या मुठीने कोवळी मुळं जळतात.

मातीतला कार्बन वाढवते असं सांगून दुकानात विकतात ती 'कार्बन बूस्टर'ची पिशवीही नको. हेक्टरी वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये सुमारे १,९५० टन माती असते. तिचा कार्बन ०.१ टक्का वाढवायला जवळपास दोन टन कार्बन लागतो. पाच किलोची पिशवी तो कुठून आणणार? दोन पिशव्या टाकल्या तरी नाही. दुकानदाराचं ऐकू नका.

खरं काम पालापाचोळा करतो. जाळू नका, गोळा करून विकू नका. झाडांखालचा ओलसर थर हाताने उचकला की पांढरे बुरशीचे धागे दिसतात, तिथे माती तयार होत असते. गव्हाचा काड, सोयाबीनचं भुस्कट, शेण आणि गोमूत्राने भिजलेली माती थरांनी रचा, अधूनमधून उलटा, तीन महिन्यांत खत तयार. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरमध्ये होते तेव्हा त्यांनी हीच पद्धत बसवली, जगात ती इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. आणि आपण इथे बसून काडी पेटवतो! प्रत्येक खड्ड्यात ५ ते १० किलो हे खत घाला.

पैशांचं: रोपांच्या पावतीवर कोणी कार्बनचे पैसे देत नाही. नोंदणी, मोजणी, तपासणी झाल्यावर, वाढ दिसली तरच. कोऱ्या करारावर सही करू नका. बांबू लावायचा असेल तर अनुदानाचं वनविभागात विचारा.

मोजायचं असेल तर लागवडीआधी गहू निघाल्यावर नमुना घ्या. पाला बाजूला सारा, भेगेतली माती घेऊ नका, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटरचे नमुने वेगळे ठेवा. मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कार्बन ०.५ टक्क्यांखाली असेल तर जमीन कमी वर्गातली. पुन्हा पाच वर्षांनी त्याच जागी, त्याच महिन्यात. पुढच्याच वर्षी आकडा विचारायला येऊ नका.