गादी, पडदे आणि धूळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की शिंका आणि दम्याचे रुग्ण वाढतात, आणि वाचकांचे प्रश्नही दरवर्षी तेच येतात. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : पडदे किती दिवसांनी धुवावेत?
उत्तर : महिन्या-दोन महिन्यांनी धुवावेत.

प्रश्न : नऊ वर्षांचा मुलगा सकाळी उठल्याबरोबर सलग शिंकतो. घर रोज दोनदा झाडूनही धूळ येते कुठून?
उत्तर : माझा पहिला संशय त्याच्या गादीवर आहे. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे धूळकिडे गादी-उशीत वाढतात. त्यांची लांबी जेमतेम ०.३ मिलिमीटर असते आणि शिंका येतात त्या प्रामुख्याने त्यांच्या विष्ठेमुळे. पावसाळ्यातील दमट हवा त्यांना मानवते, म्हणून गादीला वर्षातून एकदा, तेही दिवाळीला ऊन दाखवणे पुरेसे नाही. पाऊस उघडताच कापसाची गादी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी. त्याने किडे मरतात, परंतु विष्ठा तशीच राहते. त्यामुळे गादी घराबाहेर झोडपावी आणि त्या वेळी मुलाला जवळ फिरकू देऊ नये. जुनाच कापूस पिंजून परत भरला म्हणजे गादी नवी झाली, हा समज सोडावा. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत, कारण थंड पाण्याने बरेचसे किडे मरत नाहीत. गादी-उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घालावी. कोरडा झाडू धूळ उडवतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे. मात्र हा खटाटोप करण्यापूर्वी ॲलर्जीतज्ज्ञांकडून त्वचेची चाचणी करून घ्यावी. कारण वेगळेच निघाले तर नवी गादी घेऊनही शिंका थांबणार नाहीत. सर्दीच्या गोळ्या चालू असतील तर त्या चाचणीपूर्वी किती दिवस बंद ठेवायच्या, हे त्यांनाच विचारावे.

प्रश्न : विक्रेत्याने आमच्या गादीवर यंत्र फिरवून काळ्या कापडावर पांढरी भुकटी काढून दाखवली. यंत्र घ्यावे का?
उत्तर : अशी भुकटी कोणत्याही वापरातल्या गादीतून निघते, तीत कोंडा आणि तंतू असतात, आणि तिच्यावरून रोगाचे निदान होत नाही. विक्रेत्याला एवढेच विचारावे की यंत्राला हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारी गाळणी, आहे का. नसेल तर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. हप्त्यावर यंत्र घेण्याआधी त्या पैशांत चाचणी आणि खोळी होतात का, ते पाहावे.

प्रश्न : तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबर गोळ्या ठेवाव्यात का?
उत्तर : मुळीच नाही. काही बाळांत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असते. अशा बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी डांबर गोळ्यांतील नॅप्थलिनच्या वाफेने फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कपडे आधीच त्यात ठेवले असतील तर बालरोगतज्ज्ञांना सांगावे.

प्रश्न : धूळ झटकताना पत्नीला खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते. वर्ष झाले. पंपाची सवय लागते असे शेजारी म्हणतात, म्हणून काढा चालू आहे.
उत्तर : वर्षभर वाट पाहण्याचे कारण मला कळले नाही. पंपातील औषध अल्प मात्रेत थेट श्वासनलिकांत जाते आणि त्याचे व्यसन लागत नाही. याच आठवड्यात छातीच्या तज्ज्ञांकडे जाऊन फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्यावी. तोवर झटकण्याचे काम आपण स्वतः करावे. एक वाक्य सलग बोलताना तिला धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.