कान किती वेळा दुखला, आणि मधल्या काळात किती ऐकू आलं?

लहान मुलांच्या कानांवर लिहिलं की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो: ‘कान सारखा दुखतो, डॉक्टर नळी घालायची म्हणतात, काय करू?’ नळी म्हणजे ग्रोमेट. कानाच्या पडद्याला बारीक छेद देऊन त्यात बसवलेली, मधे भोक असलेली, एक-दोन मिलिमीटरची वस्तू. तिच्यातून मधल्या कानात हवा खेळती राहते, एवढंच तिचं काम. मूल न तपासता ‘घाला’ किंवा ‘घालू नका’ मी कुणालाच सांगणार नाही. निर्णय कशावर ठरतो, ते मात्र सांगतो.

मुलगा दीड वर्षाचा आहे. पाच महिन्यांत तीनदा कान दुखला, तिन्ही वेळा अँटिबायोटिक झालं. शेजारच्या मुलाला तिसऱ्या वेळेनंतर लगेच ग्रोमेट घातलं. आम्ही उशीर करतोय का?

सहा महिन्यांत तीनदा, किंवा वर्षात चारदा आणि त्यातलं एक गेल्या सहा महिन्यांतलं, असं झालं की आम्ही ‘वारंवार’ म्हणतो. हा आकडा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेण्यासाठी आहे, थेट ऑपरेशनसाठी नाही. दोन दुखण्यांच्या मधे पडद्यामागे पाणी (बाहेरून शिरलेलं नव्हे, मधल्या कानात साठलेला द्रव) उरतं का, हे आधी बघायचं. तपासणीच्या दिवशी दोन्ही कान कोरडे असतील तर सहसा ग्रोमेट सुचवत नाहीत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहा महिने ते तीन वर्षं वयाची, वारंवार कान दुखणारी 250 मुलं होती. काहींना नळी घातली, काहींना गरजेप्रमाणे औषधं दिली. दोन वर्षांत दोन्ही गटांत वर्षाला सरासरी दीडेक वेळाच कान दुखला, फरक जवळपास नाही. कारण मुलं वाढतात. नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी लहानपणी आखूड आणि आडवी असते, वयानुसार ती लांब आणि उतरती होते.

तरीही अपवाद आहेत. अँटिबायोटिकची ॲलर्जी असेल, आजार दर वेळी फार बळावत असेल, तर हिशेब बदलतो. शेजारच्या मुलाच्या पडद्यामागे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. तुमच्या मुलाचे तिन्ही वेळचे कागद घेऊन तज्ज्ञाकडे जा आणि एक गोष्ट विचारा: त्या वेळी पडदा फुगलेला होता की नुसता लाल? रडणाऱ्या, तापलेल्या मुलाचा पडदा कुठल्याही संसर्गाशिवाय लाल दिसतो. तीनातला एखादा आकडा असाच गळून पडतो.

ग्रोमेट काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागतं का?

सहसा नाही. साधारण सहा महिने ते दीड वर्षात पडदाच ती बाहेर ढकलतो. दोन-तीन वर्षांनीही आतच असेल तर सर्जनशी बोला.

मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. चार महिन्यांत ना ताप, ना दुखणं, पण दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा दोन्ही कानांत पाणी निघालं. दुखतच नाही, तर नळी कशाला? ती बोलते कमी. सासूबाई म्हणतात, तिचा बाबाही उशिराच बोलला.

हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण माझी खरी काळजी हीच आहे. दुखणाऱ्या कानासाठी आईबाप रात्री बारा वाजता धावतात. न दुखणारा, पाण्याने भरलेला कान मात्र महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

कान दुखून बरा झाल्यावर पाणी काही काळ राहतंच. महिन्यानंतर ते दहातल्या चारेक मुलांत असतं, तीन महिन्यांनी दहातल्या एकात. म्हणून आम्ही तीन महिने थांबायला सांगतो. या काळात अँटिबायोटिक, सर्दीची औषधं, स्टिरॉइड यातलं काहीही देऊन पाणी हटत नाही. तरी औषधाची बाटली दर महिन्याला बदलून दिली जाते, याचा मला राग येतो. थांबणं म्हणजे तारीख लिहून ठेवणं आणि त्या तारखेला पुन्हा कान दाखवणं. तुमचे तीन महिने उलटून गेले आहेत.

दोन्ही कानांत बोटं घालून घरातलं बोलणं ऐका. आवाज येतो, पण बोथट. पाणी भरलेल्या कानात सरासरी पंचवीसेक डेसिबल ऐकणं कमी होतं. मराठीत अर्थ बऱ्याचदा शब्दाच्या शेपटीत असतो: ‘हाताने’, ‘हातात’, ‘हाताला’. मुलीला ‘हात’ कळतो, शेपूट पुसट होते. शिवाय पाणी कमी-जास्त होतं. त्यामुळे एखाद्या दिवशी ती लगेच वळून बघते, दुसऱ्या दिवशी नाही, आणि घरचे ‘हट्टी आहे’ म्हणून मोकळे होतात.

माझ्याकडे अशी मुलं येतात तेव्हा मी त्यांना टेबलावर ठोकळे देतो आणि मागून हळू आवाजात नाव घेतो. मूल ठोकळेच रचत राहतं. ‘खेळात रमलंय,’ आई म्हणते. मग मी टेबलावर बोटाने टकटक करतो, मूल झटकन वर बघतं. ‘बघा, ऐकू येतं की!’ पण मुलाला आवाज नाही, टेबलाची थरथर कळलेली असते. घरी भांडं आपटून घेतलेली परीक्षा म्हणूनच निरुपयोगी. कानात पाहिलं तर मोतिया, पारदर्शक पडद्याऐवजी मळकट पिवळसर पडदा दिसतो, कधी त्यामागे हवेचे बुडबुडे. हलकी फुंक मारली तरी तो हलत नाही. टिम्पॅनोमेट्रीच्या, म्हणजे हवेचा दाब देऊन पडदा किती हलतो हे मोजणाऱ्या चाचणीच्या, कागदावर डोंगराऐवजी सपाट रेघ येते.

तेव्हा आता करायचं ते असं: टिम्पॅनोमेट्री आणि वयाला साजेशी श्रवणचाचणी, याच आठवड्यात वेळ घेऊन. दोन्ही कानांत तीन महिने पाणी आणि ऐकणं कमी, असं निघालं तर ग्रोमेटचा पर्याय तुमच्यापुढे ठेवायलाच हवा. धडधाकट मुलांत नळी काही महिने लांबवली म्हणून पुढे भाषेवर कायमचा परिणाम झालेला अभ्यासांत दिसला नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण तो दिलासा बाकी सगळं ठीक असलेल्या मुलांसाठी आहे. तुमची मुलगी आधीच कमी बोलते. दोन वर्षांच्या मुलाने दोन शब्द जोडायला लागायला हवं, म्हणून भाषातज्ज्ञालाही दाखवा. बाबा उशिरा बोलला असेलही, पण त्याच्या कानांत तेव्हा पाणी होतं का, हे कुणी तपासलं होतं? दुभंगलेला टाळू, डाउन सिंड्रोम किंवा आधीपासून कमी ऐकू येणं, असं काही असेल तर तीन महिनेसुद्धा वाट बघू नये.

मोबाइलला जोडायच्या कॅमेऱ्याने कानाचा फोटो काढला, पडदा लाल दिसतो. जाहिरातीतले थेंब किंवा कानात लावायची मेणबत्ती वापरून बघू का?

नाही. पडदा हलतो का, हे फोटोत दिसत नाही, आणि हलणाऱ्या मुलाच्या कानात ती कॅमेऱ्याची कांडी घालणं धोक्याचं आहे. मेणबत्ती कानातून काहीही ओढून काढत नाही. तिने भाजल्याच्या आणि मेण पडद्यावर सांडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पडदा अखंड असेल तर थेंब पलीकडच्या पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि फाटलेला असेल तर नको ते औषध आत जातं. हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं. पैसे घालवायचेच असतील तर न्यूमोकोकल आणि फ्लूच्या लसी राहिल्या आहेत का ते बघा. घरात सिगारेट बंद करा, बाळाला आडवं ठेवून बाटली देऊ नका, सहा महिन्यांनंतर चोखणी कमी करा.

भुलीची भीती वाटते.

काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. सर्दी, ताप, रात्रीचं घोरणं, घरात कुणाला भुलीचा त्रास झालेला असणं, हे सगळं भूलतज्ज्ञाला आधी सांगा. नळी पडल्यावर शंभरात एक-दोन मुलांच्या पडद्याला भोक राहू शकतं, हेही माहीत असू द्या.

ग्रोमेटनंतर पोहणं, केस धुणं बंद?

बहुतेक मुलांना काही बंधन नाही. खोल बुडी किंवा तळ्याचं गढूळ पाणी असेल तर आधी सर्जनला विचारा.

नळी घालून चार महिने झाले, आता कानातून पिवळा स्राव येतो. नळी चुकीची बसली का? घरात जुने थेंब आहेत.

चुकीची बसलेली नाही. उलट नळी उघडी आहे म्हणूनच पू आत न साठता बाहेर येतोय. ताप नसेल आणि मूल खेळत असेल तर सहसा कानात घालायच्या अँटिबायोटिक थेंबांनी भागतं, पोटातून औषध लागत नाही. पण घरातली जुनी बाटली वापरू नका. काही थेंबांतली औषधं उघड्या पडद्यातून आतल्या कानाला इजा करू शकतात, त्यामुळे ग्रोमेट आहे हे सांगून नवीन लिहून घ्या. बाहेरचा स्राव कापसाने हलका टिपून घ्या, आत काडी नको. आठवड्यात थांबला नाही किंवा रक्त आलं तर सर्जनकडे जा. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तर मात्र सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठा.